कट्टा की स्टिल्ट: पार्ल्यातल्या एका सोसायटीचा तळमजला

पार्श्वभूमी

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत आठ-नऊ मिनिटांवर, बारा बिऱ्हाडांची एक सोसायटी होती. इमारत १९६४ ची, तळमजला अधिक दोन माळे, प्रत्येक माळ्यावर चार घरं, लिफ्ट नाही. रस्ता, सभासद आणि बिल्डर यांची नावं इथे गाळली आहेत आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. मी या सोसायटीचा सल्लागार वास्तुविशारद होतो. पहिला अहवाल माझा, आणि त्यातली मोठी चूकही माझीच. तेव्हा हे टिपण अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

पार्ल्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच येतो. हे उपनगर आपोआप पसरलेलं नाही. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली इथे टी.पी. स्कीम, म्हणजे नगररचना योजना, झाल्या, वाड्या आणि शेतं मोजून त्यांचे चौकोनी प्लॉट पाडले गेले. आजही सात-बाऱ्यापेक्षा ‘फायनल प्लॉट नंबर’ हाच शब्द पार्लेकरांच्या तोंडी असतो. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. लोकमान्यांना जाऊन तीन वर्षं व्हायच्या आत त्यांच्या नावाने गावाला शाळाही मिळाली आणि संस्थाही. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि गिरगावात दीड खोलीत राहणाऱ्या कारकुनाला पार्ल्यात घर घेऊन फोर्टात नोकरी करणं जमू लागलं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला यांची छावणी पार्ल्यातच होती. रुळांच्या कडेला १९२९ पासून बिस्किटांचा कारखाना होता. तो २०१६ मध्ये बंद झाला, आणि गाडी पार्ल्यात शिरली हे डोळे मिटून कळण्याची सोय गेली.

या सगळ्यातून आलेली पार्ल्याची एक सवय आहे. माणसं घराबाहेर, पण रस्त्याच्या अलीकडे भेटतात: कंपाउंडात, जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर, फाटकापाशी. व्याख्यानमाला, गाण्याच्या बैठका, गणपतीतल्या स्पर्धा यांची ठरवाठरवी तिथेच होते. पु. ल. देशपांडे याच टिळक विद्यालयातले, हे तर पार्लेकर दुसऱ्या वाक्यातच सांगतो. पहिल्या वाक्यात तो आपली इमारत कुठली ते सांगतो.

आमच्या सोसायटीत ही जागा म्हणजे पुढच्या बाजूचा सहा फूट रुंद व्हरांडा. त्याच्या कडेला कडप्प्याचा कट्टा होता, बसून बसून मधोमध काचेसारखा गुळगुळीत झालेला. एका टोकाला कुणीतरी कधीकाळी खिळ्याने बुद्धिबळाचा पट कोरला होता. संध्याकाळी साडेपाचपासून सहा-सात ज्येष्ठ तिथे बसत, त्यातले निम्मे शेजारच्या इमारतींतले. फाटकाला कुलूप नव्हतं, सुतळीचा फास होता. सकाळी शाळेची पोरं पुढच्या फाटकातून आत येत आणि मागच्या भिंतीतल्या छोट्या फाटकातून गल्लीत जात. वळसा वाचायचा. मागच्या कोपऱ्यात जाळी घातलेली विहीर होती आणि तिच्याशेजारी एक रायवळ आंबा.

अडचण

तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करावी लागते. ती २०१८ मध्ये झाली आणि इमारत सी-२-बी वर्गात आली. म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, पण घरं रिकामी करायची गरज नाही. हा वर्ग सगळ्यात भांडणाचा. सी-१ आला असता तर प्रश्नच मिटला असता, सगळ्यांना बाहेर पडावं लागलं असतं. इथे ‘अजून वीस वर्षं काढेल’ म्हणणारेही बरोबर आणि ‘दर पाच वर्षांनी किती ओतायचे’ म्हणणारेही बरोबर. दुरुस्तीचा अंदाज घरटी साडेपाच ते सहा लाख होता. दुसऱ्या माळ्यावरच्या चार घरांत पंच्याहत्तरीपुढची पाच माणसं होती आणि त्यातल्या दोघांचं खाली उतरणं फक्त डॉक्टरपुरतं उरलं होतं.

मग पुनर्विकास. पण इथे पार्ल्याचं दुसरं वास्तव आडवं येतं: विमानतळ. धावपट्टीच्या टोकापासून नरसाळ्यासारखा पसरत जाणारा एक पट्टा असतो, ज्याला सगळे ‘फनेल’ म्हणतात. त्यात किती उंच बांधायचं हे विमानतळ प्राधिकरण ठरवतं. मिळणारी उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. त्यातून प्लॉटची स्वतःची पातळी वजा करायची. जे उरतं ते गच्चीपर्यंतचं नसतं, पाण्याच्या टाकीच्या आणि वीजवाहकाच्या टोकापर्यंतचं असतं. आमच्या प्लॉटवर २६ मीटर उरले. टाकी आणि लिफ्टची खोली यांना पाच मीटर गेले की हातात २१. मुंबईत इतरत्र एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, कमी पडतो म्हणून लोक रडतात. पार्ल्यात एफएसआय कागदावर असतो आणि तो ठेवायला आकाश नसतं.

प्लॉट सुमारे ७४० चौरस मीटरचा. रस्त्याच्या रुंदीनुसार मिळणारा एफएसआय आणि त्यावरचं जादा ‘फंजिबल’ क्षेत्र धरून सहा माळ्यांइतकं बांधकाम होत होतं. सहा माळे म्हणजे चोवीस घरं, बारा सभासदांची आणि बारा विक्रीची. पाच माळे झाले तर विक्रीला आठच घरं उरत होती, आणि आठ घरांवर कुठलाही बिल्डर नवी इमारत, बांधकामाच्या काळातलं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम, देणार नव्हता.

माझ्या पहिल्या अहवालात हे सगळं होतं. त्यात सभासदांना २५ टक्के जादा क्षेत्र धरलं होतं, कारण बाजारात तोच आकडा चालू होता. खाली पूर्ण स्टिल्ट, म्हणजे खांबांवर उभा, गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला तळमजला, दाखवला होता, कारण सगळे तेच दाखवतात. कट्टा, मागचं फाटक, विहीर यांतलं काहीही नकाशावर नव्हतं. विहिरीवर मी चक्क ‘बुजवणे’ असं लिहिलं होतं.

पहिल्या विशेष सभेत मी पडद्यावर नकाशा लावला तेव्हा तळमजल्यावरच्या एका काकांनी विचारलं, “अहो, हे सगळं छान आहे. पण संध्याकाळी आम्ही बसायचं कुठे? गाड्यांच्या बॉनेटवर?”

सगळे हसले, मीही हसलो आणि पुढची स्लाइड लावली. आज मागे पाहताना मला तो या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला अर्धा मिनिट वाटतो.

पर्याय

चार मार्गांचा विचार झाला. सारख्या गांभीर्याने झाला असं मात्र म्हणवत नाही.

मोठी दुरुस्ती आणि बाहेरून लिफ्ट जोडणं, हा पहिला. त्याने कट्टा वाचला असता. पण बाहेरून जोडलेली लिफ्ट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते, म्हणजे अर्धा जिना राहतोच. ज्या दोघांसाठी लिफ्ट हवी होती त्यांनाच ती उपयोगाची नव्हती.

शेजारच्या सोळा घरांच्या सोसायटीबरोबर प्लॉट जोडणं, हा दुसरा. मोठ्या प्लॉटवर बेसमेंटचा उतार बसतो आणि पार्किंगचा प्रश्नच संपतो. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला पर्याय होता, हे मी आजही म्हणेन. तो दोन महिन्यांत बारगळला. नव्या सोसायटीचं नाव कुणाचं ठेवायचं इथपासून सुरुवात झाली आणि १९८० च्या दशकातल्या एका गटाराच्या भांडणापाशी गाडी अडली.

तिसरा स्वयंपुनर्विकास. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी सवलतींचा शासन निर्णय काढला आणि पार्ल्यात घरोघरी त्याची चर्चा सुरू झाली. नफा सोसायटीचा, निर्णय सोसायटीचे. पण बारा सभासदांत धावपळ करू शकणारे तिघं, आणि त्यातले दोघं नोकरीत. विक्रीची घरं खपली नाहीत तर कर्ज आपल्या डोक्यावर, ही भीती पेन्शनवर जगणाऱ्या घरांना पटवून द्यावी लागत नाही.

चौथा, नेहमीचा: बिल्डर.

काय केलं

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर असावे लागतात. बारात आठ. एकदा सातच आले, कारण आठवे मुलीकडे पुण्याला होते, आणि महिनाभर सगळं पुढे गेलं. लहान सोसायटीत एकेक माणूस किती जड असतो ते तेव्हा कळलं.

बिल्डर ठरला. मग २०२० ची टाळेबंदी आली आणि सहा-सात महिने काहीच हललं नाही. त्या रिकाम्या काळाने या प्रकरणावर उपकार केले. सभा होत नव्हत्या म्हणून मी एकेका सभासदाशी फोनवर बोलत होतो, आणि सभेत कधीच न बोलणारी माणसं फोनवर अर्धा-अर्धा तास बोलली. चटईक्षेत्राबद्दल क्वचितच. कुणी सांगितलं की नवरा गेल्यावर वर्षभर आपण रोज कट्ट्यावर बसलो नसतो तर वेड लागलं असतं. कुणी सांगितलं की मागच्या फाटकातून जाणाऱ्या पोरांचा आवाज म्हणजे आमचं सव्वासातचं घड्याळ.

मी हिशेब पुन्हा मांडायला घेतला, आणि उत्तर पार्किंगच्या तक्त्यात सापडलं.

नव्या विकास नियंत्रण नियमावलीत गाड्यांची संख्या घराच्या चटईक्षेत्रावर ठरते. ४५ ते ६० चौरस मीटरच्या दोन घरांमागे एक गाडी. ६० ओलांडलं की प्रत्येक घरामागे एक. सभासदांची जुनी घरं सुमारे ५२ चौरस मीटरची. २५ टक्के वाढ म्हणजे ६५, बारा घरांना बारा गाड्या. १५ टक्के वाढ म्हणजे ६० च्या जरा आत, बारा घरांना सहाच गाड्या. विक्रीची बारा घरं मोठीच राहणार होती, त्यांच्या बारा गाड्या सुटत नव्हत्या. पाहुण्यांच्या गाड्या धरून एकूण आकडा २७ वरून २० वर आला.

वीस गाड्या कशा बसवायच्या? दुमजली स्टॅक, म्हणजे गाडीवर गाडी, लावला तर स्टिल्ट साडेचार मीटर उंच करावा लागतो आणि सहावा माळा जातो. म्हणून मागच्या भागात खड्ड्यातली ‘पझल’ पद्धत घेतली. यात एक रांग जमिनीखाली आणि एक जमिनीवर असते. वरच्या पाट्या बाजूला सरकतात आणि खालची गाडी मोकळ्या जागेत वर येते. डोक्यावर जादा उंची लागत नाही, स्टिल्ट तीन मीटरवर राहतो. तिथे तेरा गाड्या, बाजूच्या मोकळ्या जागेत सात. तळमजल्याचा पुढचा एक-तृतीयांश भाग पूर्ण रिकामा झाला.

आता हे सभासदांना सांगायचं होतं. घरटी साधारण साठ चौरस फूट सोडा, म्हणजे खाली बसायला जागा मिळेल. पार्ल्याच्या भावात साठ चौरस फूट म्हणजे काय, हे मी सांगायला नको. तीन घरांनी सरळ नकार दिला, आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांची मुलं बाहेरगावी होती, घर पुढेमागे विकायचंच होतं, कट्ट्यावर कोण बसणार याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. एका घरात दोन गाड्या होत्या, त्यांनी तर सल्लागार बदला असंच सुचवलं.

तोडगा निघाला तो बिल्डरशी बोलून. सभासदांनी सोडलेलं क्षेत्र, बारा घरांचं मिळून ६२-६३ चौरस मीटर, विक्रीत जाणार होतं. त्या बदल्यात पझल पार्किंगचा खर्च, दहा वर्षांची देखभाल आणि वाढीव कॉर्पस त्याने द्यायचं ठरलं. कॉर्पसचा आकडा ऐकल्यावर तिघांपैकी दोघं वळले. सभेत ठराव नऊ विरुद्ध दोन असा झाला, एक गैरहजर.

विहिरीचं वेगळंच झालं. खड्डा दोन मीटर खोल खणायचा तर जमिनीतलं पाणी किती वर येतं हे कळायला हवं होतं. बिल्डरच्या अभियंत्याने बोअर घेतला तो मे महिन्यात, आणि तो कोरडा निघाला. वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, जुलैमध्ये या. विहिरीत वाकून हात घातला तर पाणी लागतं.” जुलैत गेलो. हात घातला. लागलं. जमिनीपासून जेमतेम तीन-साडेतीन फुटांवर. खड्ड्याचं आरेखन बदललं, चारी बाजूंनी जलरोधक पेटी आणि दोन पंप आले. ‘बुजवणे’ लिहिलेल्या विहिरीने सात-आठ महागड्या गाड्या वाचवल्या. तिच्यावर आता नवी जाळी आहे आणि तिचं पाणी फ्लशला वापरतात.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने जादा बांधकामासाठी भरायच्या प्रीमियममध्ये वर्षभरासाठी ५० टक्के सवलत दिली, ती संपायच्या आत बिल्डरने पैसे भरले. २०२२ च्या सुरुवातीला इमारत पाडली. कडप्प्याच्या पटाची लादी आधीच काढून एका सभासदाच्या भावाच्या गॅरेजमध्ये ठेवली होती. नेताना तिचा एक कोपरा उडाला, काळ्या हत्तीच्या घराचा.

निष्पत्ती

२०२४ च्या अखेरीस ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा पालिकेचा दाखला, मिळाली. मशीनरूम नसलेली लिफ्ट आणि आडवी, बुटकी टाकी घेतल्याने सहा माळे उंचीत बसले. थोडीफार उंची उरली, ती पुढच्या लॉबीला दिली. कट्टा पुन्हा झाला, पंधरा फूट लांब, तुटक्या कोपऱ्याच्या लादीसह. गणपती पुन्हा कंपाउंडात बसला.

बारा जुन्या घरांपैकी तीन विकली गेली. विक्रीतले आणि हे मिळून पंधरा कुटुंबं नवी आहेत, बरीचशी दुसऱ्या भाषांची, बहुतेक तरुण. कट्टा त्यांना आवडतो, पण तो ‘सोसायटीचा’ असावा असं त्यांना वाटतं. पहिल्याच वर्षी ‘बाहेरील व्यक्तींना बसण्यास मनाई’ अशी पाटी लागली. जुन्या मंडळींच्या मते कट्ट्यावरचे निम्मे लोक कायमच बाहेरचे होते आणि म्हणूनच तो कट्टा होता. नव्यांच्या मते देखभाल आम्ही भरतो. फाटकावर सुरक्षारक्षक आहे आणि येणाऱ्याची नोंद मोबाइलवर होते. शेजारच्या इमारतीतले ज्येष्ठ दोनदा नाव सांगून आत आले, तिसऱ्यांदा आले नाहीत.

आंबा दुसऱ्या पावसाळ्यात गेला. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून संरक्षण आहे, तोडायची परवानगी कुणी मागितलीही नव्हती. पण खड्ड्याच्या खोदाईत एका बाजूची मुळं कापली गेली. कागदावर झाड वाचलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

जागेचा वापर मी अहवालाच्या आधी पाहायला हवा होता. सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ, असे तीन-चार दिवस वही घेऊन कंपाउंडात बसलो असतो तर कट्टा, फाटक आणि विहीर तिन्ही पहिल्याच नकाशावर आली असती. आम्ही वास्तुविशारद ‘परिसराचं वैशिष्ट्य’ म्हटलं की कमानी, गॅलऱ्यांचे कठडे आणि मंगलोरी कौलं शोधतो. या इमारतीला दर्शनी म्हणावं असं काहीच नव्हतं, म्हणून माझ्या लेखी तिथे जपण्यासारखंही काही नव्हतं.

दुसरी गोष्ट करारातली. विकास करारात बाथरूमच्या टाइलचा ब्रँडसुद्धा लिहिला होता, पण कट्टा कोण वापरणार याबद्दल एक ओळ नव्हती. विक्रीच्या करारनाम्यांत ती अट आधीच घातली असती तर नव्या घरमालकांना माहीत असतं की आपण काय विकत घेतोय. ओसीनंतर उपविधी दाखवून हा वाद सुटत नाही, कडवट मात्र होतो.

शेजारच्या सोसायटीशी बोलणी मोडली तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तो टाकायला नको होता. गटाराचं भांडण मिटवायला एखादा तटस्थ मध्यस्थ सहज मिळाला असता, पार्ल्यात निवृत्त न्यायाधीशांना आणि मुख्याध्यापकांना तोटा नाही. आता त्यांचाही वेगळा बिल्डर आहे, पूर्ण स्टिल्ट आहे.

आणि मागचं फाटक. मंजुरीच्या नकाशात कंपाउंडची भिंत सरळ रेषेत दाखवली होती, ती माझ्याच ऑफिसातून गेलेली. तीन फुटांचं छोटं फाटक दाखवायचं राहून गेलं. कंत्राटदाराने नकाशाप्रमाणे भिंत बांधली, त्याचं काही चुकलं नाही. पोरं आता मोठ्या रस्त्याने वळसा घालून जातात. भिंतीत ते फाटक पुन्हा बसवावं असा अर्ज जुन्या सभासदांपैकी पाच जणांनी दिला आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत तो सातवा विषय आहे, पार्किंगच्या पंपाच्या वीजबिलानंतर.